झाकणाखालचे इंजिन

"झाकनाच्या आतच राहील ना काका, मग एवढं बारीक कायले कराचं?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत नववीतल्या एका मुलाने मला हे विचारले. टेबलावर डाकोटा विमानाचा १:४८ मापाचा आराखडा पसरलेला होता आणि त्याचे बोट इंजिनाच्या गोलावर होते. मी तेव्हा घाईने काहीतरी उत्तर दिले. नंतर वाटले, प्रश्न रास्त होता आणि उत्तर तोकडे होते. विमानाच्या मॉडेलसाठी इंजिन विकत न घेता कोऱ्या मालातून, एकेका नळीसकट घडवायचे, यात महिने जातात. मॉडेल करणारे याला 'स्क्रॅच' काम म्हणतात. ते काम मुलांना लावावे का, मोठ्यांनी तरी करावे का, याचा दोन्ही बाजूंनी विचार व्हायला हवा. माझे स्वतःचे मत गेल्या काही वर्षांत दोनदा बदलले आहे.

आधी डाकोटाच का, ते सांगतो. गोंदियात विमानाचा आवाज नवा नाही. जवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे वैमानिक शिकवणारी संस्था आहे आणि मार्च २०२२मध्ये प्रवासी सेवाही सुरू झाली. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेली माणसे डोक्यावरून शिकाऊ विमान गेले तरी मान वर करत नाहीत, इतके ते अंगवळणी पडले आहे. पण आपल्या आकाशाची या शिकाऊ विमानांहून जुनी एक गोष्ट आहे. जानेवारी १९४९मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ही विमाने सुरुवातीला डाकोटाच होती. नकाशावर कलकत्ता ते नागपूर सरळ रेघ ओढून पाहा. ती गोंदियाच्या थोडी दक्षिणेकडून जाते. म्हणजे सगळ्या देशाच्या चिठ्ठ्या घेऊन जाणाऱ्या त्या इंजिनांची घरघर आपल्या आजोबा-पणजोबांच्या झोपेत शिरली असेल. मुलाला हे सांगितल्यावर त्याने दुसऱ्या कोणत्या विमानाचे नाव काढले नाही.

आता ते इंजिन. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे आर-१८३०, टोपणनाव ट्विन वॉस्प. हवेने थंड होणारे, १,२०० अश्वशक्तीचे. सात-सात सिलिंडरांच्या दोन ओळी एकामागे एक, चाकाच्या आऱ्यांसारख्या. अशी जवळपास पावणेदोन लाख इंजिने बनली. खऱ्या इंजिनाचा व्यास सव्वा मीटरला थोडा कमी. १:४८ मापात तो २५ मिलिमीटर होतो, म्हणजे स्टीलच्या जुन्या रुपयाएवढा. त्या रुपयावर १४ सिलिंडर बसवायचे, प्रत्येकाला दोन पुशरॉडच्या नळ्या, दोन स्पार्क प्लग, दोन तारा. २८ नळ्या, २८ प्लग, २८ तारा. एकेक सिलिंडर तुरीच्या दाण्याएवढे. आणि डाकोटाला अशी इंजिने दोन.

विरोधातले मुद्दे हलके नाहीत, म्हणून ते आधी घेतो.

पहिला मुद्दा मुलाचाच. विमान पूर्ण झाले की इंजिनावर काउलिंग, म्हणजे झाकण, चढते. समोरच्या गोल तोंडातून दिसते ती फक्त पुढची ओळ, तीही पंख्याच्या पात्यांमागून. मागची सात सिलिंडरे, मॅग्नेटो, कार्बुरेटर, सगळे अंधारात. काही वर्षांपूर्वी मी एका मॉडेलसाठी चार महिने इंजिन केले, काउलिंग चिकटवली आणि प्रदर्शनात ठेवले. आलेल्यांपैकी एकानेही आत डोकावले नाही. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. चूक माझी होती, आणि ती काउलिंग चिकटवण्याएवढीच नव्हती. इंजिनात रमल्यामुळे पंखांचा वरचा कल मी नीट मोजला नव्हता. डावा पंख उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली होता. एका वयस्क पाहुण्याने ते दारातूनच ओळखले. आतल्या तारा अचूक आणि विमान वाकडे, अशी ती गत होती. बारकाव्याचा हा धोका खरा आहे: मन एका जागी इतके गुंतते की सबंध आकृती हातातून सुटते.

दुसरा मुद्दा असा, की अचूकता म्हणून जी मिरवली जाते ती या मापात शक्यच नसते. खऱ्या सिलिंडरावर थंडाव्यासाठीच्या पात्या काही मिलिमीटरच्या अंतराने असतात. १:४८ मापात ते अंतर डोक्याच्या केसाच्या जाडीवर येते. खऱ्या संख्येने त्या पात्या हाताने कापता येत नाहीत. प्रत्येक मॉडेल करणारा इथे तडजोड करतो, दहाच्या जागी चार दाखवतो आणि डोळ्याला पटेल एवढे पाहतो. मग तडजोडच करायची तर तयार भाग का नको? आज रेझिनचे छापलेले इंजिन मिळते. संगणकावरची फाइल घेऊन ते गावातही छापता येते. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅबमुळे थ्रीडी प्रिंटर आले आहेत, बरेचसे धूळ खात पडलेले असले तरी. छापील सिलिंडर माझ्या हातच्या सिलिंडरापेक्षा सरस दिसते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. ज्या मुलाला विमान कळावे असे आपल्याला वाटते, त्याने तीन महिने न फिरणाऱ्या इंजिनावर घालवायचे की त्याच वेळात रबराच्या पिळावर उडणारी दहा विमाने करून मोडायची? उडणारे मॉडेल एका दुपारी शिकवते की नाक जड झाले तर काय होते आणि शेपूट उचलले तर काय. स्थिर मॉडेल हे कधीच शिकवू शकत नाही. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांची मॉडेले हा स्पर्धेचा विषय आहे आणि तिथेही उडत्या मॉडेलांभोवतीच गर्दी असते. हा युक्तिवाद मी पूर्वी दोन वर्षे स्वतःच लोकांना ऐकवत असे. आपल्याकडे त्याला एक स्थानिक अडचण मात्र आहे. रेडिओवर चालणारे मॉडेल विमानतळाच्या आसपास उडवायला कायद्याने मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे, कारण बिरसीच्या वर शिकाऊ हात विमान चालवत असतात. त्यामुळे रबराचे किंवा हाताने फेकायचे विमान शाळेच्या मैदानात ठीक, पण मोठ्या उडत्या मॉडेलांचा छंद विमानतळाच्या पंचक्रोशीत वाढवणे सोपे नाही. घरातल्या टेबलावरचे काम इथे त्या मानाने सोयीचे पडते.

आणि डोळ्यांचे काय? भिंगाखाली रात्री काम, सुपरग्लूची वाफ, सोल्डरच्या तारेतले शिसे, कच्चे रेझिन हाताला लागले तर उठणारे चट्टे. मोठ्यांनी आपल्यापुरता हा धोका पत्करावा. मुलांच्या बाबतीत खिडकी उघडी, हातमोजे, जेवण्यापूर्वी साबणाने हात आणि दिवसा उजेडी काम, यात सूट नको.

एवढे सगळे विरोधात असताना मी पुन्हा या कामाच्या बाजूने कसा आलो?

कारण त्या मुलाबरोबर पहिल्याच दिवशी आम्ही अडलो, आणि अडलो ते एका वर्तुळाचे सात सारखे भाग करताना. कंपासपेटीतल्या साधनांनी वर्तुळाचे सहा भाग झटकन होतात, आठही होतात. पाच होतात, थोडी खटपट करून. सातला मात्र पट्टी आणि कंपास यांनी नेमके उत्तर मिळत नाही. हे अशक्य आहे, असे गणितात एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले आहे. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८ आणि पुढे न संपणारे आकडे. मुलाने कोनमापकावर ५१ घेतले आणि सातव्या खुणेला तीन अंशांची फट राहिली. त्याला वाटले आपले चुकले. मग आम्ही वर्तुळाच्या परिघाएवढी कागदाची पट्टी कापली, ती रेघी वहीच्या आठ ओळींवर टोकापासून टोकापर्यंत तिरपी ठेवली, ओळी जिथे छेदतात तिथे खुणा केल्या आणि पट्टी पुन्हा गुंडाळली. सात भाग बरोबर आले. वर्गात ज्या समांतर रेषांचा धडा त्याने पाठ केला होता, तो त्या दिवशी त्याच्या उपयोगी पडला.

पुढचा प्रश्न त्याचाच: "सातच का? आठ का नाही ठेवले?" छापील इंजिन हातात आले असते तर हा प्रश्न पडलाच नसता, असे मला ठामपणे वाटते. उत्तर सुंदर आहे. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. गोलात बसवलेले सिलिंडर एकाआड एक पेटवायचे तर पहिल्या फेरीत १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या फेरीत २, ४, ६. संख्या विषम असेल तरच हे चक्र मध्ये न अडखळता चालते. आठ असते तर पहिल्या फेरीनंतर गाडी पुन्हा एकवरच आली असती आणि सम आकड्यांचे सिलिंडर उपाशी राहिले असते. मग दोन ओळींचा हिशेब. डाकोटाच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १, १०, ५, १४, ९, ४, १३, ८, ३, १२, ७, २, ११, ६ असा आहे. तो पाठ करावा लागत नाही. नऊ मिळवा, आणि बेरीज चौदाच्या पुढे जात असेल तर नऊ मिळवण्याऐवजी पाच वजा करा. मुलाने हे वहीवर तीनदा करून पाहिले आणि शेवटी पुन्हा एकवर आल्यावर हसला. विषम आकडे मागच्या ओळीचे, सम पुढच्या ओळीचे, म्हणजे ठिणगी एकदा मागे, एकदा पुढे अशी नाचत जाते. मागचे सिलिंडर पुढच्या दोघांच्या फटीत का बसवलेले असतात, हेही मग वेगळे सांगावे लागले नाही. हवा तिथूनच येते.

गोंदियाच्या जुन्या माणसाला इंजिन म्हटले की विमान आठवत नाही, छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, आठवते. वाफेच्या इंजिनाचा एक मोठा गुण होता: त्याचे पोट उघडे असे. दांडा कसा पुढेमागे होतो, चाक कसे फिरते, हे फलाटावर उभ्या पोराला दिसे. नागपूरला मोतीबागेत छोट्या लाइनीचे संग्रहालय आहे. तिथे आजही मुले इंजिनाच्या दांड्यांना हात लावून पाहतात. डाकोटाच्या इंजिनाने हे सुख दिले नाही. ते झाकलेले, आणि आता मोटारसायकलपासून मोबाइलपर्यंत सगळेच झाकलेले. उघडून पाहायला गेले की वॉरंटी जाते. अशा काळात एक यंत्र हाताने, आतून बाहेर, भाग-भाग करून उभे करणे याला वेगळे मोल आहे. बाजारभावाने ते मोजता येत नाही.

इथे मी स्वतःलाच थांबवतो, कारण या मुद्द्यावरून पुढे घसरणे सोपे आहे. आपल्याकडे विमानाचा सांगाडा देशी आणि इंजिन परके ही जुनी व्यथा आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी बंगळूरला एचटी-२ हे शिकाऊ विमान आखले. ऑगस्ट १९५१मध्ये ते पहिल्यांदा उडाले. पण त्याची निर्मिती झाली ती इंग्लंडच्या सिरस मेजर इंजिनावर. आजचे तेजस अमेरिकन इंजिनावर उडते. त्यासाठी म्हणून सुरू झालेले कावेरी इंजिन त्यात बसलेले नाही. म्हणून काही जण उत्साहाने म्हणतात, मुलांना इंजिनाची मॉडेले करायला लावा, उद्या देशाचे इंजिन होईल. मला हे पटत नाही. विमानाच्या इंजिनाचे दुखणे धातूंच्या विज्ञानात, अति उष्णतेत टिकणाऱ्या पात्यांत, चाचणीच्या सोयींत आणि दशकानुदशके लागणाऱ्या पैशात आहे. तांब्याच्या तारा चिकटवून ते बरे होत नाही. या छंदावर एवढे ओझे टाकले तर तो मोडेल, आणि मुलाला आपण फसवल्यासारखे होईल. नागपूरला मिहानमध्ये विमानदुरुस्तीचे काम चालते, तिथे चांगल्या हातांना जागा आहे. एखादा मुलगा पुढे तिकडे गेला तर आनंदच आहे. पण त्या आशेवर हे काम उभे करू नये. सात भागांची ती पट्टी, तो नऊ-पाचचा हिशेब, एवढा लाभ खरा आणि पुरेसा आहे.

आत किती बारकावा हवा, या प्रश्नाला विदर्भात एक घरगुती उत्तरही आहे. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी घेऊन निघतात. वाढयाने केलेल्या त्या नंदीचे वशिंड, मान, पायांचा पवित्रा लोक बारकाईने पाहतात. त्याच्या पोटात काय आहे असे कोणी विचारत नाही. बैल पाहणाऱ्याला बैलाची ऐट दिसली पाहिजे, एवढीच अट. डाकोटाचेही तसेच आहे. आधी विमान डाकोटासारखे उभे राहिले पाहिजे: शेपूट जमिनीवर, नाक वर, पंख मागे सरत गेलेले आणि दोन्ही सारखे. ते साधले नाही तर आतले इंजिन कितीही देखणे असो, त्याची किंमत मी शून्य धरतो. माझ्या वाकड्या पंखाने मला शिकवलेले हे एवढेच.

छपाईबद्दलही आता माझा हट्ट उरलेला नाही. चौदा सिलिंडर हाताने करण्यात पहिल्या दोन-तीनांपर्यंत शिकणे असते. त्यापुढे नुसती सहनशक्ती. तीन मिलिमीटरच्या बांबूच्या काडीवर ३६ गेजची तार शेजारी-शेजारी गुंडाळली की थंडाव्याच्या पात्यांचा चांगला भास होतो. ही तार आपल्याकडे मागवावी लागत नाही. राइस मिलच्या जळलेल्या मोटारी जिथे भरल्या जातात, त्या रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते, आणि उरलेले तुकडे दुकानदार मुलाला तसेच देतो. मुलाने असे दोन सिलिंडर करावेत. उरलेले बारा त्यावरून साचा घेऊन ओतावेत किंवा छापावेत, काही बिघडत नाही. नळ्या आणि तारा मात्र हातानेच जोडाव्यात, कारण कुठून निघून कुठे जायचे हे त्या विचारतात. एकाच गोष्टीवर मी अडून राहीन: स्पर्धेत किंवा प्रदर्शनात मांडताना काय हाताने केले, काय छापले, काय विकत घेतले हे पुठ्ठ्यावर स्पष्ट लिहावे. छापलेले हातचे म्हणून सांगणे हा दुसऱ्या एखाद्या पोराच्या मेहनतीवर अन्याय आहे.

आणि झाकणाचे काय? डाकोटाने स्वतःच वाट दाखवली. इंजिने दोन आहेत. उजव्याला फक्त चेहरा करायचा: पुढची सात सिलिंडरे, पुढच्या नळ्या, गिअरच्या खोक्याचे टोक. त्यावर काउलिंग कायमची बसेल, आणि बाहेरून जे दिसते ते बरोबर असेल. डावे इंजिन पुरे करायचे, मागच्या ओळीसकट, मॅग्नेटोसकट, आणि त्याची काउलिंग काढून शेजारी जमिनीवर ठेवायची. विमान नागपूरला सोनेगावच्या तळावर उभे आहे, रात्र आहे, टपालाच्या पिशव्या उतरत आहेत आणि डाव्या इंजिनात काहीतरी बिघाड सापडला आहे. अशा विमानाचे इंजिन उघडे असायला सबळ कारण आहे. पाहणाऱ्याला वाकून आत बघावे लागणार नाही.

ही योजना मी मुलाला सांगितली तेव्हा त्याने एकच दुरुस्ती सुचवली. इंजिन जमिनीपासून बरेच उंच आहे, मग मिस्त्री उभा कशावर राहील? आता तो आधी शिडी करतो आहे, बांबूच्या कामट्यांची, १:४८ मापात, आठ पायऱ्यांची.